रान सुधारायला अनुदान: अर्जापासून खात्यात पैसे येईपर्यंत

शासकीय योजनांचे अर्ज भरायच्या महाडीबीटी पोर्टलवर ‘पुनरुत्पादक शेती’, म्हणजे मातीचा कस परत आणणारी शेती, असं शोधलं तर हाती काही लागत नाही. ‘रीजनरेटिव्ह’ टाकून बघा, तरी नाही. त्या नावाची योजनाच नाही. पण त्या शेतीत जी कामं येतात त्यांतल्या बहुतेकांना कुठे ना कुठे पैसे आहेत. मुरमाड रानात गाळ टाकणं, पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) न जाळता तिची कुट्टी करून मातीत मिसळणं, रुंद वरंब्यावर पेरणी, नाडेप खताचं टाकं, फळझाडं, शेणखत-जीवामृतावरचं एक एकर, ही सगळी कामं वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या शीर्षकांखाली विखुरलेली आहेत. दोन एकरवाल्याला, विधवा खातेदाराला, घरात पहिल्यांदाच अर्ज भरणाऱ्याला हे कुणी जुळवून सांगत नाही. ज्यांना तालुक्याच्या कार्यालयाची वाट पाठ आहे त्यांचे अर्ज पुढे सरकतात. म्हणून इथे आधी काम, मग त्याची योजना, असा क्रम धरला आहे.

आधी स्वतःचा हिस्सा मोजा

अनुदान म्हणजे खर्चातली भागीदारी. सरकार एक वाटा उचलतं, उरलेला शेतकऱ्याचा. नवख्या माणसाची फसगत दोन ठिकाणी होते. एक म्हणजे टक्केवारी तुमच्या बिलावर नसते, ती शासनाने त्या कामाला ठरवलेल्या खर्चावर, म्हणजे मापदंडावर असते. दुसरं म्हणजे सरकारचा वाटा काम झाल्यावर, तपासणी झाल्यावर येतो. तोवर पूर्ण रक्कम तुम्ही घातलेली असते.

ठिबकचंच घ्या. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यावर पूरक २५ टक्के, असे ८० टक्के मिळतात. बाकीच्यांना ४५ अधिक ३०, म्हणजे ७५. आता समजा तुमच्या रानाचं बिल झालं १,४०,००० रुपये आणि तेवढ्या क्षेत्राचा मापदंड बसला १,२०,००० रुपये. अनुदान १,२०,००० वर ८० टक्के, म्हणजे ९६,०००. तुमच्या खिशातले ४४,०००. बिलाच्या २० टक्के म्हणजे २८,००० धरून बसलात तर १६,००० कमी पडले. हेच ९६,००० सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिन्याने काढले आणि अनुदान यायला पाच महिने लागले, तर व्याज १४,४०० रुपये. अनुदानातला जवळपास सातवा हिस्सा व्याजातच गेला.

म्हणून अर्जाआधी वहीत तीन आकडे लिहा: विक्रेत्याचं कोटेशन, त्या घटकाचा मापदंड (तालुका कृषी कार्यालयात विचारला की सांगतात), आणि मधले चार-सहा महिने पैसे कुठून आणणार. बायका बचत गटात असतील तर गटाचं अंतर्गत कर्ज सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. तिसऱ्या आकड्यापुढे उत्तर नसेल तर ते काम या वर्षी सोडा आणि कमी खर्चाचं घ्या. तशी कामं पुढे दिली आहेत, आणि खरं तर मातीला फरक त्यांनीच जास्त पडतो.

तुम्ही कोणत्या गटात बसता

१ हेक्टरपर्यंत जमीन असेल तर अत्यल्प भूधारक, १ ते २ हेक्टर असेल तर अल्प भूधारक. अडीच एकर म्हणजे साधारण १ हेक्टर, ०.४० हेक्टर म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, म्हणून अर्जात एकराचा आकडा टाकू नका. २.०० एकराऐवजी २.०० हेक्टर पडलं की सगळं गणित चुकतं. दुसऱ्या गावातली जमीनही यात मोजली जाते, हे लक्षात ठेवा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना. दोन्हींत विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप, पाइप, शेततळ्याचं अस्तरीकरण, ठिबक-तुषार असे घटक येतात. नव्या विहिरीला ४ लाखांपर्यंत अनुदान आहे आणि त्यासाठी किमान ०.४० हेक्टर जमीन लागते. सूक्ष्म सिंचनात या गटांचं एकूण अनुदान ९० टक्क्यांपर्यंत जातं. जातीचा दाखला सक्षम प्राधिकाऱ्याचा लागतो. शाळेच्या दाखल्यावर चालत नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. कृषी विभाग दोन आहेत. तालुका कृषी अधिकारी राज्य शासनाचे. पंचायत समितीतले कृषी अधिकारी जिल्हा परिषदेचे. वरच्या दोन्ही योजना जिल्हा परिषदेकडे आहेत. ठिबक, यंत्रं, भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना राज्याच्या कृषी विभागाकडे. नाडेप आणि रोजगार हमीची कामं ग्रामपंचायत-पंचायत समितीच्या वाटेने जातात. चुकीच्या कार्यालयात गेलात तर ‘आमच्याकडे नाही’ एवढंच उत्तर मिळतं, बरोबर दार कोणतं ते सांगतीलच असं नाही.

कागद: इथेच निम्मे अर्ज अडकतात

राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी सक्तीचा झाला आहे. तो सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात आधार आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर निघतो. काढताना तुमच्या नावाची सगळी खाती, दुसऱ्या गावातलीसुद्धा, त्यात जोडून घ्या. केंद्रवाला घाईत असतो. एक गट जोडतो आणि ‘झालं’ म्हणतो. सामायिक खातं असेल तर प्रत्येक खातेदाराने आपला वेगळा आयडी काढायचा. भावाच्या आयडीवर तुमचा अर्ज होत नाही.

सातबारा आणि आठ-अ ताजे हवेत. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) चकरा मारायची गरज नाही. उतारा हातात आला की तीन गोष्टी बोट ठेवून वाचा.

पहिली, नाव. सातबाऱ्यावर ‘कमलबाई’, आधारवर ‘कमल’, पासबुकावर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, असं असेल तर पडताळणीत अर्ज परत येतो. आधार सातबाऱ्याप्रमाणे करायचं की सातबारा आधारप्रमाणे, हे आधी ठरवा. आधार दुरुस्ती सहसा लवकर होते. सातबाऱ्यावरच्या चुकीला तहसीलमध्ये अर्ज करावा लागतो आणि वेळ जातो.

दुसरी, इतर हक्काचा रकाना. विहीर सामायिक असेल, बँकेचा बोजा असेल, कुळाचं नाव असेल, ते इथे दिसतं. विहिरीची नोंदच नसेल तर ठिबकचा अर्ज पाण्याच्या स्रोतावर अडतो. विहीर वा बोअर प्रत्यक्ष असूनही नोंद राहिलेली असणं आपल्याकडे अगदी सर्रास आहे.

तिसरी, पीक पेरा. ई-पीक पाहणी केली नसेल तर हा रकाना कोरा दिसतो. मोबाइलवरच्या ॲपमधून स्वतः रानात उभं राहून नोंद करा. हंगामातली मुदत गेली की ती नोंद मागे जाऊन भरता येत नाही.

सामायिक खात्यावर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भाऊ पुण्याला असेल तर तो दिवाळीला गावी आला की सही घेऊन ठेवा. अर्ज मंजूर झाल्यावर कागद जोडायला मोजकेच दिवस मिळतात, तेव्हा तो येत नाही.

आता बँक. ‘आधार लिंक आहे’ आणि ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) हेच खातं जोडलं आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची तीन बँकांत खाती असतील आणि तिन्हींना आधार दिलेलं असेल, तरी सरकारचा पैसा शेवटी जिथे आधार सीडिंग झालं त्या एकाच खात्यात जातो. पुष्कळांचं ते खातं गावातल्या शिबिरात उघडलेलं, पासबुकही न सापडणारं असतं. बँकेत जाऊन ‘डीबीटी कोणत्या खात्याला मॅप आहे’ असं स्पष्ट विचारा. आणि जमलं तर थकीत पीककर्ज असलेल्या शाखेत अनुदान घेऊ नका. ते परस्पर कर्जात वळतं झाल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. मग सोडवून घ्यायला भांडावं लागतं.

मातीचा नमुना, तोही नीट

रानाला काय हवं हे न बघता योजना निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल घेणं. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनी बहुधा विम्लधर्मी (अल्कलीकडे झुकणाऱ्या), चुनखडीच्या, आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून येणारा कार्बन) कमी असलेल्या. पण शेजारच्या बांधापलीकडे मुरमाड माळ असू शकतो. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गुणधर्म तपासून मिळतात. नमुना घ्यायची वेळ सुगी संपल्यावर, शेणखत वा रासायनिक खत टाकण्याआधी.

एका रानातून नागमोडी चालत आठ-दहा जागा घ्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, विहिरीजवळची आणि पाणी साचणारी जागा टाळा. प्रत्येक जागी इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खोल (साधारण २० सेंटिमीटर) खड्डा करून आतली माती टाकून द्या, आणि खड्ड्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची माती खरवडा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर खरवडायला लोखंडी खुरपं नको, लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकचं साधन घ्या. लोहाचा आकडा फसवा येतो. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून सावलीत वाळवा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरू नका. चिठ्ठीवर नाव, गाव, गट क्रमांक, तारीख, मागचं पीक लिहा.

अहवालात पहिल्यांदा सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर त्याला कमीच म्हणतात. पुढे तीन वर्षांनी हाच आकडा पुन्हा मोजायचा आहे, म्हणून कागद जपून ठेवा.

कोणतं काम, कुठली योजना

*मुरमाड रान असेल तर गाळ.* ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातून गाळ उपसण्याचं यंत्र योजनेतून असतं, वाहतूक शेतकऱ्याने करायची. पण अल्प-अत्यल्प भूधारक, विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना गाळ नेऊन पसरवण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये दराने, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत, अडीच एकरांपर्यंत जास्तीत जास्त ३७,५०० रुपये मिळतात. या मर्यादेत साधारण एकरी ४०० घनमीटर बसतो, म्हणजे रानभर चार बोटांपेक्षा थोडा जाड, सुमारे १० सेंटिमीटरचा थर. ब्रासमध्ये मोजलं तर १४० ब्रास. इतक्या खेपांचं डिझेल आणि ट्रॅक्टरभाडं आधी विचारून घ्या. तलाव पाच किलोमीटरवर असेल तर अनुदानात खर्च बसत नाही, शिवाराला लागून असेल तरच परवडतो. भारी काळ्या रानात गाळ टाकू नका. तिथे निचरा आधीच कमी, वर चिकण गाळ पडला की रान चिबडतं. आणि गाळाने ओल धरायची ताकद येते, पण कर्ब येतो असं समजू नका. त्यासोबत शेणखत किंवा हिरवळीचं खत लागतंच. काम एप्रिल-मेमध्ये होतं, यादी त्याआधी ग्रामपंचायतीत होते. खेपांची फोटोसह नोंद झाली नाही तर पैसे निघत नाहीत.

*भारी रानात सोयाबीन, हरभरा, तूर असेल तर रुंद वरंबा सरी.* शेतकऱ्यांच्या तोंडी ही पद्धत ‘बीबीएफ’. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ही शिफारस आहे. सोयाबीनच्या चार ओळी वरंब्यावर आणि दोन्ही अंगांना सरी. जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. बियाणंही कमी लागतं. यंत्रावर अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान आहे, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेत. ट्रॅक्टरचलित औजाराला स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या ट्रॅक्टरचं नोंदणीपत्र लागतं. ट्रॅक्टर नसेल तर यंत्राच्या मागे लागू नका. गावातल्या गटाकडून भाड्याने पेरून घ्या. वर्षाला दोन-तीन दिवस वापरायच्या यंत्रात पैसे अडकवण्यात शहाणपण नाही.

चूक कुठे होते? चालक वळणं वाचवायला लांबीच्या बाजूने, म्हणजे पुष्कळदा उताराच्या दिशेने औत घालतो. मग सऱ्या म्हणजे ओढेच होतात आणि पहिल्या वळवातच माती धुऱ्याबाहेर. सरी उताराला आडवी हवी. आणि भारी रानात सरीचं शेवटचं तोंड बंद करू नका, पाण्याला वाट ठेवा.

*पऱ्हाटी आणि पाचट जाळू नका.* श्रेडर, मल्चर ही यंत्रंही त्याच यांत्रिकीकरणाच्या शीर्षकाखाली येतात. उसाचं पाचट मात्र यंत्राशिवायही कुजतं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. ते सरीत दाबून त्यावर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं आणि पाणी द्यायचं. युरिया वगळला तर कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग ‘पाचटाने ऊस खराब झाला’ अशी हाकाटी होते. कपाशीत गुलाबी बोंडअळी असेल तर कुट्टी लांबवू नका; पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली तर अळीला घर मिळतं.

*नाडेप.* यवतमाळकडच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाची ही पद्धत रोजगार हमीतून करता येते. २०२१च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत ‘भू-संजीवनी नाडेप कंपोस्टिंग’ म्हणून एका टाक्याला १०,५३७ रुपयांचा अंदाज धरला होता. त्यासाठी जॉब कार्ड हवं, नसेल तर ग्रामरोजगार सहाय्यकाकडे अर्ज करा. टाकं ३.६ मीटर लांब, दीड मीटर रुंद, ०.९ मीटर उंच. भिंतीत हवेसाठी भोकं ठेवून बांधलेलं. भरायला साधारण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, १०० किलो शेण, १,७०० किलोच्या आसपास चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी. थर कचऱ्याचा, त्यावर शेणकाला, त्यावर माती; असं वर चढत जायचं आणि शेवटी शेणमातीने लिंपून टाकायचं. एका-दोन दिवसांत भरून संपवा. आठ दिवस रखडत भरलं तर खालचा थर कुजायला लागतो, वरचा कोरडाच राहतो. लिंपणाला भेगा पडल्या की पुन्हा शेणाने बुजवा, नाहीतर ओल उडून जाते आणि तीन महिन्यांनी उघडल्यावर आत तुराट्या तशाच दिसतात.

*हिरवळीचं खत* हे सगळ्यात स्वस्त. एकरी २० ते २५ किलो ताग किंवा धैंचा, फुलोऱ्यावर यायच्या बेतात, ४५ ते ५० दिवसांनी गाडायचा. कोरडवाहूत पूर्ण हंगाम त्यासाठी कोण सोडणार? म्हणून कपाशीच्या किंवा तुरीच्या रुंद ओळीत एक ओळ धैंचा पेरून तोच कापून आच्छादन करतात. अनुदानाची वाट पाहायची गरज नाही.

*विनानांगरणी.* रायगड जिल्ह्यातल्या नेरळच्या सगुणा बागेतून आलेलं एसआरटी (सगुणा रीजनरेटिव्ह टेक्निक) तंत्र मराठवाड्यातही कपाशी-सोयाबीनमध्ये वापरलं जातं. कायमचे गादीवाफे, मागच्या पिकाची मुळं जमिनीतच, नांगर नाही. मशागतीचा खर्च वाचतो. पण तण तणनाशकाने आवरावं लागतं, ही त्यातली खोच. पहिल्याच वर्षी सगळं रान त्यात घालू नका, दहा-वीस गुंठ्यांत बघा.

*फळबाग.* जॉब कार्ड असलेल्या अल्प-अत्यल्प भूधारक, अनुसूचित जाती-जमाती, महिलाप्रमुख व दिव्यांगप्रमुख कुटुंबांना रोजगार हमीतून ०.०५ ते २ हेक्टरपर्यंत लागवड करता येते, मजुरीही मिळते. त्यात न बसणाऱ्यांसाठी २०१८-१९ पासूनची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, मराठवाड्यात ०.२० ते ६ हेक्टर. तिथे पैसे तीन वर्षांत ५०:३०:२० अशा टप्प्यांनी येतात आणि दुसऱ्या वर्षी किमान ८० टक्के, तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत हवीत. ही अट हलक्यात घेऊ नका. पाच बाय पाच मीटरवर हेक्टरी ४०० सीताफळं लावली तर दुसऱ्या उन्हाळ्यात ३२० उभी असली पाहिजेत. टँकरच्या गावात ४०० झाडांना पाणी कुठून आणणार, हे आधी मोजा. १०० झाडं लावून ९५ जगवणं चांगलं. बीडच्या बालाघाटातल्या माळावर सीताफळ, धुऱ्यावर चिंच-जांभूळ. जिथे पाणी आहे तिथेच मोसंबी.

*नैसर्गिक शेती.* राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. यात एकट्याने अर्ज होत नाही. ५० हेक्टर आणि १२५ शेतकऱ्यांचा समूह बनतो, त्यात प्रत्येकाला एका एकरासाठी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं. गावात कृषी सखी (शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणारी गावातली कार्यकर्ती) नेमलेली असेल तर तिला गाठा, नाहीतर तालुक्याच्या ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात विचारा. परंपरागत कृषी विकास योजनाही गटाचीच. तीत तीन वर्षांत हेक्टरी १५,००० रुपये निविष्ठांसाठी थेट खात्यात येतात आणि गटाचं पीजीएस (शेतकऱ्यांनी एकमेकांच्या रानाची तपासणी करून मिळणारं सेंद्रिय) प्रमाणपत्र होतं. ४,००० रुपयांसाठी गाय घेऊ नका. गाय दारात असेल तर मात्र सोडू नका. जीवामृताचं एकराचं माप २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दीड-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत, दिवसातून दोनदा ढवळायचं, आठवड्याच्या आत वापरायचं. उन्हात ठेवलेल्या पिंपाला सडका वास आला तर ते गेलं.

*पोकरा.* पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. तो २०१८ पासून मराठवाड्याच्या सगळ्या आठ जिल्ह्यांत निवडक गावांत राबवला गेला, आणि आता दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांत आहे. तुमचं गाव यादीत आहे का ते ग्रामपंचायतीत आधी विचारा. असेल तर गावच्या ग्राम कृषी विकास समितीची शिफारस आणि ग्रामसभा महत्त्वाची ठरते. ग्रामसभेला न जाणाऱ्याचा आराखडा तिथे येत नाही, हे साधं गणित. एकाच घटकाला दोन योजनांतून पैसे घेता येत नाहीत.

अर्ज ते पैसे

महाडीबीटीवर फार्मर आयडीने लॉगिन करा. सीएससीतून भरलात तरी पासवर्ड आणि मोबाइल तुमचाच ठेवा. केंद्रवाल्याचा नंबर टाकला की पुढचे सगळे निरोप त्याला जातात. घटक निवडा, शुल्क २३ रुपये ६० पैसे भरा, पावती जपा. पूर्वी सोडत निघायची. २०२५ पासून प्रथम अर्ज करणाऱ्याला प्रथम प्राधान्य आहे. म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका, कागद तयार असतील तर आजच भरा.

निवड झाल्याचा मेसेज आला की कागद चढवायचे. ७/१२, आठ-अ, कोटेशन, यंत्राचा तपासणी अहवाल, जातीचा दाखला, संमतीपत्र, जे लागू असेल ते. फोटो मोबाइलवर तिरका काढून चढवला तर ‘अस्पष्ट’ म्हणून परत येतो. सरळ स्कॅन करा.

मग पूर्वसंमती पत्र येतं, आणि सगळा खेळ इथेच आहे. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचं बिल, एक दिवस आधीचंसुद्धा, चालत नाही. विक्रेता म्हणतो, ‘माल घेऊन जा, पत्र येईलच.’ ऐकू नका. पत्रावरची मुदतही बघा. तीत काम झालं नाही तर संमती रद्द होते. अडचण असेल तर मुदत संपायच्या आधी लेखी अर्ज द्या, नंतर नाही.

खरेदी नोंदणीकृत विक्रेत्याकडून, मंजूर मॉडेलच, जीएसटीच्या पक्क्या बिलावर, आणि पैसे तुमच्या खात्यातून चेकने किंवा ऑनलाइन. पूर्ण रोख दिलेली रक्कम सिद्ध करता येत नाही. काही विक्रेते ‘तुमचा हिस्सा फक्त द्या’ म्हणून बिल फुगवतात. अशा बिलावर सही तुमची असते.

बिल चढवलं की कृषी सहायक (नवं पदनाम सहाय्यक कृषी अधिकारी) मोका तपासणीला येतात. फोटोत अक्षांश-रेखांश येतात, म्हणून काम ज्या गटावर मंजूर आहे तिथेच हवं. भावाच्या गटात पाणी चांगलं म्हणून ठिबक तिकडे अंथरलं की प्रकरण बाद. त्याच गटावर सूक्ष्म सिंचनाचा लाभ घेतला असेल तर पुढची सात वर्षं पुन्हा मिळत नाही. वडिलांच्या नावे घेतला होता का, तेही आधी तपासा.

पैसे अडले तर पोर्टलवर अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट, अर्ज क्रमांक आणि तारीख घेऊन लेखी पोच मागा. तोंडी विचारलेल्याची नोंद होत नाही. त्यानेही काही हललं नाही तर ‘आपले सरकार’वर तक्रार करा किंवा माहिती अधिकारात प्रकरणाची स्थिती मागा. मार्चमध्ये निधी संपला की अर्ज पुढच्या वर्षात जातात. त्यामुळे खरिपाचं काम असेल तर अर्ज आदल्या हिवाळ्यातच झालेला बरा.

सातबाऱ्यावर नावच नाही

रानात राबणाऱ्या बहुतेक बायकांची ही स्थिती. नवरा हयात असेल तर लक्ष्मी मुक्तीच्या १९९२च्या शासन निर्णयाप्रमाणे तो स्वेच्छेने पत्नीचं नाव सहखातेदार म्हणून लावू शकतो, अर्ज तलाठ्याकडे. नवरा वारला असेल तर वारस नोंदीचा अर्ज आणि मृत्यू दाखला तलाठ्याकडे द्या; फेरफार मंजूर व्हायला मंडळ अधिकाऱ्याचा शेरा लागतो. दीर-सासऱ्यांनी आक्षेप घेतला तर प्रकरण लांबतं, म्हणून नोंद अनुदानासाठी नव्हे, आधीच करून घ्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने धाराशिव-लातूर भागात बायकांसोबत एक एकर शेतीचं काम उभं केलं, घरच्यांकडून एकरभर रान मागून त्यात अन्नधान्य-भाजीपाल्याचं मिश्र पीक घेण्याचं. नाव लागेपर्यंत सुरुवातीला हा रस्ता बरा.

बटाईदाराला आणि गायरानावर वहिती करणाऱ्याला सातबारा नाही, म्हणून फार्मर आयडी नाही, म्हणून महाडीबीटी नाही. इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. मालकाशी नोंदणीकृत भाडेकरार झाला तर काही घटकांना वाव राहतो. तोंडी बटाईवर नाही. अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. अर्ज समाज कल्याणच्या जिल्हा कार्यालयात. तोवर रोजगार हमीची मजुरी, बचत गटातून जीवामृत आणि दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा कीडरोधक अर्क) करून विकणं आणि कसत असलेल्या रानात धैंच्याची ओळ, पाचटाचं आच्छादन, उताराला आडवी पेरणी, एवढं हातात राहतं. धैंच्याचं बियाणं पेरणीच्या आधी, मेअखेरीस घेऊन ठेवा. जूनमध्ये पाऊस पडला की कृषी सेवा केंद्रात ते सापडत नाही.